सल्ला हवा: बाबांना खरं स्पेस शटल दाखवायचंय, न्यूजर्सीहून कुठे नेऊ?

पनवेलची_प्राची:
नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनला राहतो. आईबाबा आलेत, ऑगस्टअखेर परत जातील. बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात फिटर होते, वय ७४, गुडघे दुखतात. आल्या दिवसापासून एकच धोशा आहे, "ते शटल कुठे ठेवलंय, एकदा बघू." नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणजे मी, आईबाबा आणि सहा वर्षांचा मुलगा. एकच दिवस, मुक्काम नको, आणि प्रवास-तिकिटं-खाणं सगळं २०० डॉलरच्या आत. नासाची ही विमानासारखी परत उतरणारी अंतराळयानं आता वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलीत, त्यातलं कुठलं शटल बघावं?

व्हर्जिनियाकर:
यात विचारायचं काय? डिस्कव्हरी! वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाजवळच्या उडवार-हेझी संग्रहालयात आहे, प्रवेश फुकट, फक्त पार्किंगचे पैसे. ३९ मोहिमा, सगळे मिळून ३६५ दिवस अंतराळात. हबल दुर्बीण १९९० साली यानेच वर नेली. २०१२ च्या एप्रिलमध्ये बोइंग ७४७ विमानाच्या पाठीवर बसून ते वॉशिंग्टनवरून गेलं, तेव्हा आम्ही ऑफिसच्या गच्चीवरून पाहिलंय. खाली रस्त्यावर गाड्या थांबवून लोक वर बघत होते.

नाशिकचा_नितीन:
अटलांटिस बघा, फ्लोरिडा. डिस्कव्हरी जमिनीवर चाकांवर उभं आहे, हे कलतं टांगलंय, मालाच्या कप्प्याची दारं उघडी, यांत्रिक हात बाहेर काढलेला. वर असताना कसं दिसत असेल ते इथेच कळतं. आम्ही ऑरलँडोला रिसॉर्ट घेतलं, पुढे क्रूझही केली. आईबाबा आयुष्यात एकदाच येतात, पैशांकडे बघू नका.

पनवेलची_प्राची:
नितीनदादा, एकच दिवस आहे हो, आणि २०० डॉलर.

नाशिकचा_नितीन:
पहाटेची फ्लाइट घेऊन रात्री परत येता येईल. पण टूरवाल्यांबरोबर जाऊ नका. आमच्या ओळखीच्यांना एका टूरवाल्याने तासाभरात बसमध्ये कोंबलं. त्यांचं 'फॉरएव्हर रिमेंबर्ड' बघायचं राहिलं. अटलांटिसच्या खालच्या अंगालाच आहे ते. अपघातात गेलेल्या दोन शटलपैकी चॅलेंजरचा पत्रा, कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी आणि गेलेल्या चौदाही अंतराळवीरांच्या आठवणी आहेत तिथे. कल्पना चावलाच्या कोपऱ्यापाशी माझ्या आईचा पाय निघेना.

मेरीलँडची_मेधा:
डिस्कव्हरीला माझंही मत. फुकट आहे. नाकासमोर उभं राहून उष्णता अडवणाऱ्या काळ्या फरशा बघाव्यात, प्रत्येकीवर नंबर. एकीसारखी दुसरी नाही, म्हणून ज्या जागेची फरशी त्याच जागी बसते. वरच्या बाजूला पांढरं पांघरूण आहे, उभे-आडवे टाके घातलेल्या गोधडीसारखं. परत येतानाचे भाजल्याचे पट्टे पुसलेले नाहीत, तसेच ठेवलेत. कल्पना चावला यातूनच गेली होती ना, ते ऐकूनच अंगावर काटा आला.

खगोलप्रेमी_सातारा:
मेधाताई, नाही. कल्पना चावलाच्या दोन्ही मोहिमा, १९९७ आणि २००३, कोलंबियावर झाल्या. डिस्कव्हरीतून गेल्या सुनीता विल्यम्स, डिसेंबर २००६. आणि जून २००७ मध्ये परत आल्या अटलांटिसमधून.

व्हर्जिनियाकर:
म्हणजे डिस्कव्हरीच. वर नेणारं यान महत्त्वाचं.

नाशिकचा_नितीन:
सुखरूप खाली आणणारं जास्त महत्त्वाचं.

ह्यूस्टनचा_हर्षद:
तुमच्या डिस्कव्हरीचं काही खरं नाही. २०२५ च्या कायद्यात एक अंतराळयान इकडे हलवायला साडेआठ कोटी डॉलर ठेवलेत, आणि टेक्सासच्या सिनेटरांचा डोळा त्याच्यावरच आहे. तसंही इथे या. शटलची प्रतिकृती आहे, पण खऱ्या ७४७ च्या पाठीवर बसवलीय आणि आत जाता येतं. बाकी सगळीकडे बाहेरूनच नमस्कार.

व्हर्जिनियाकर:
हलवायला ते सुटं करावं लागेल अशी भीती आहे. इतक्या वर्षांनी त्या फरशांना हात लावायचा? माझा ठाम विरोध आहे.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
मूळ प्रश्नाकडे या. एडिसनहून डलेस गाडीने चार तास. जाऊन-येऊन आठ तास गुडघे दुमडून बसणार का काका? लॉस एंजलिसचं एंडेव्हर जानेवारी २०२४ मध्ये इंधनटाकी आणि बूस्टर रॉकेटांसकट उभं केलंय, पण ते देशाच्या दुसऱ्या टोकाला. भारतातच बघायचं तर दिल्लीच्या नेहरू तारांगणात सोयुझ टी-१० या रशियन यानाची कुपी आहे. राकेश शर्मा १९८४ मध्ये टी-११ मधून गेले आणि या टी-१० मधून परतले. आपला माणूस बसलेली कुपी आहे ती.

पनवेलची_प्राची:
आभार, दिल्लीचं बाबांना सांगितलं. आणि न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड या संग्रहालय-जहाजावर एंटरप्राइज शटल आहे, त्याबद्दल कुणीच बोललं नाही?

व्हर्जिनियाकर:
कारण ते अंतराळात गेलंच नाही. आमच्याकडेच होतं आधी, डिस्कव्हरी आलं तेव्हा तिकडे दिलं. खरं म्हणजे खरं.

मेरीलँडची_मेधा:
हो, ते नको. गेलेलं नाही ते.

खगोलप्रेमी_सातारा:
असं म्हणू नका. १९७७ मध्ये ७४७ च्या पाठीवरून हवेत सोडून, इंजिनाशिवाय तरंगत उतरवलं ते एंटरप्राइजच. ते नीट उतरलं म्हणून पुढची पाठवता आली. कोलंबिया पडल्यावर चौकशीतही त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेचा फायबरग्लासचा भाग काढून त्यावर, उड्डाणावेळी टाकीवरून सुटून कोलंबियाच्या पंखावर आदळला होता तसा, फोमचा तुकडा मारून बघितला. मग डिस्कव्हरी आणि अटलांटिसच्या कडांवर तेच केलं, आणि जुलै २००३ मध्ये अटलांटिसच्या तुकड्याला सव्वा फुटाहून मोठं भोक पडलं. कल्पना चावला आणि बाकी सहा जण का गेले, हे त्या प्रयोगांतून सिद्ध झालं. वर न गेलेल्या यानाचंही देणं लागतो आपण.

ह्यूस्टनचा_हर्षद:
हे माहीत नव्हतं. पण आत जाता येत नाही ना?

पनवेलची_प्राची:
मंडळी, ठरलं. एंटरप्राइजच बघणार. व्हर्जिनियाकर, रागावू नका.

कारण शटलपेक्षा जहाज आहे. बाबांनी विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेच्या इंजिनरूममध्ये वर्षानुवर्षं काम केलं. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, मग संग्रहालय झाली, आणि २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं मोडतात तिथे, तोडायला काढली. तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आपण ती राखायला हवी होती, हे ते आजही म्हणतात आणि मलाही तेच वाटतं. काल वाचून दाखवलं की इंट्रेपिड विमानवाहूच आहे, १९६२ मध्ये अंतराळवीर स्कॉट कार्पेंटरला आणि १९६५ मध्ये जेमिनी ३ यानातल्या दोघांना समुद्रातून तिनेच उचललं, आणि आता तिच्या डेकवर शटल ठेवलंय. बाबा म्हणाले, "मग दुसरीकडे कशाला?" सोयुझची एक कुपीही तिथे आहे, ती मुलाला दाखवेन.

जाऊन आलेल्यांनी एवढंच सांगा, जिने किती चढावे लागतात?

डोंबिवली_फास्ट_लोकल:
लिफ्ट आहे, व्हीलचेअर चालते. एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून टॅक्सी, पिअर ८६. शेजारी ग्राउलर पाणबुडी आहे, तिच्यात काकांना नेऊ नका, दारं गोल आणि बुटकी आहेत, पाय उचलून वाकून जावं लागतं. डेक उन्हात तापतो, म्हणून उघडताच वर जा आणि खालचा झाकलेला हँगर डेक दुपारी बघा. काकांना इंजिनरूमबद्दल विचारू द्या, तिथले स्वयंसेवक गप्पांना तयार असतात.

व्हर्जिनियाकर:
जा. पण परतीची फ्लाइट डलेसहून असेल तर तीन तास आधी निघा, उडवार-हेझी वाटेतच आहे आणि चारनंतर पार्किंगही लागत नाही.