बडोद्यात विधानसभेचा प्रचार विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहायचा आहे, तयारी कशी करावी?

वाडीकर

आम्ही राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचे बारा जण आहोत. गुजरात विधानसभेची पुढची निवडणूक २०२७ च्या अखेरीस व्हायची आहे. पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्षात कसं घडतं ते प्रचाराच्या काळात गल्लीत उभं राहून बघायचं आणि त्यावर एकत्र अहवाल लिहायचा, असं ठरतंय. कोणत्याही पक्षाचं काम करायचं नाही.

नेमका किती वेळ मिळतो? शहरातले पाचही मतदारसंघ घ्यावेत की एकच? कोणाची परवानगी लागते? सभेचा खर्च बाहेरून मोजता येतो का? आणि मतदारांशी बोलताना काय सांभाळायचं? अनुभवी मंडळींनी जरा सविस्तर सांगावं. गटात बहुतेकांना गुजराती वाचता येतं, दोघांना येत नाही.

टिपणवही

आधी तारखा मांडा. २०२२ चा कार्यक्रम ३ नोव्हेंबरला जाहीर झाला. बडोदे दुसऱ्या टप्प्यात होतं: अधिसूचना १० नोव्हेंबर, अर्जाची शेवटची तारीख १७, छाननी १८, माघार २१, मतदान ५ डिसेंबर, मोजणी ८ डिसेंबर. माघारीची मुदत आणि मतदान यांत कायद्याने किमान चौदा दिवसांचं अंतर लागतं, आणि मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. त्यामुळे त्या वेळी २१ नोव्हेंबरच्या दुपारपासून ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत, म्हणजे जेमतेम बारा दिवस खरी लढत रस्त्यावर दिसली. २०२७ लाही साधारण एवढाच अवधी धरा. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू होतं तेव्हाच हे सगळं येतं. प्राध्यापकांशी हजेरीचं आणि चाचणी परीक्षेचं आधीच बोलून ठेवा.

मतदारसंघ एकच घ्या, माझं मत ठाम आहे. वडोदरा शहर (हा अनुसूचित जातींसाठी राखीव), सयाजीगंज, अकोटा, रावपुरा, मांजलपूर या पाचांत बारा जण विखुरले तर प्रत्येक ठिकाणी दोघं उरतात आणि हाती फक्त मोठ्या सभांचे फोटो येतात. एका मतदारसंघातले तीन तुकडे निवडा: एक जुन्या पोळांचा (अरुंद गल्लीतल्या जुन्या वस्त्यांचा), एक सोसायट्यांचा, एक शहराच्या कडेचा नव्या वस्तीचा. प्रत्येक तुकड्यावर चौघं, आणि बारा दिवस तीच माणसं तिथेच. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही, पाचव्या दिवशी उमेदवार दोन मिनिटं थांबला, दहाव्या दिवशी त्याच ओटल्यावर (घरापुढच्या ओट्यावर) अर्धा तास बसला, हा फरक रोज तिथे जाणाऱ्यालाच कळतो. ग्रामीण भागाशी तुलना हवीच असेल तर पादरा, डभोई, सावली, करजण, वाघोडिया यांपैकी एकच जोडा. वाघोडियात २०२२ ला अपक्ष निवडून आला होता. चिन्ह आणि पक्षयंत्रणा नसलेला माणूस प्रचार कसा उभा करतो हे बघायला तसा मतदारसंघ चांगला.

तुकडे निवडण्याआधी २०२२ चा फॉर्म २० उतरवून घ्या. बूथवार मतं त्यात असतात. मात्र जुने बूथ क्रमांक नव्या यादीला सरळ लावू नका. यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं आहे आणि एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार हा नवा दंडक आहे, त्यामुळे बूथ फुटले आहेत, सरकले आहेत. क्रमांकावर न जाता शाळेचं किंवा इमारतीचं नाव आणि यादीत दिलेला परिसर जुळवा. हे काम ऑक्टोबरमध्येच उरका, नंतर वेळ मिळत नाही.

चांपानेर_दरवाजा

परवानगीचं सांगतो. रस्त्यावर, मैदानात, जाहीर सभेत नागरिक म्हणून उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही. तरी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात हवं. पत्र गुजरातीत असू द्या, बंदोबस्तावरचा पोलीस ते लगेच वाचतो. पत्रात अभ्यासाचा विषय, तारखा आणि एका प्राध्यापकाचा फोन एवढं पुरे. त्याची एक प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात माहितीसाठी देऊन पोच घ्या.

मतदान केंद्राच्या आत मात्र हे पत्र चालत नाही. आत कोणी असावं हे नियमांत ठरलेलं आहे: मतदार, कर्मचारी, उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी आणि आयोगाने अधिकारपत्र दिलेले लोक. मोजणीच्या सभागृहाचंही तेच. मतदानाच्या दिवशी १०० मीटरच्या रेषेबाहेर उभे राहा. पक्षांची मतदार-चिठ्ठ्यांची टेबलं रेषेबाहेरच लागतात. कोणत्या टेबलापाशी किती जण थांबतात, यादीवर खुणा कोण करतं, घरी राहिलेल्यांना बोलवायला कोण पळतं, हे सगळं तिथून दिसतं.

अर्ज भरायच्या दिवशी कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच गाड्या आणि आत उमेदवारासह पाचच माणसं जाऊ शकतात. मिरवणूक त्याआधीच्या चौकापर्यंतच येते. उभं राहायचं तर त्या चौकात. दारापाशी काहीही दिसत नाही.

शेवटच्या ४८ तासांबद्दल विशेष सांगणं आहे. सभा, मिरवणुका, भोंगे बंद होतात, पण घरोघरी जाणं चालू असतं, आणि खरी धावपळ तेव्हाच. या काळात बाहेरच्या पक्ष-कार्यकर्त्यांना मतदारसंघ सोडावा लागतो, लॉज आणि समाजवाड्या तपासल्या जातात. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेशही बहुतेक वेळा असतो. बारा जणांनी एकत्र फिरू नका, दोघंच जा, आणि गळ्यात कोणत्याही पक्षाचा खेस (उपरणं) चुकूनही नको. सभेत कोणी प्रेमाने घातला तर तिथेच नम्रपणे परत करा. तुमचा एक फोटो समोरच्या गटाकडे गेला की त्या शेरीत तुम्हाला पुढे कोणी मोकळेपणाने बोलणार नाही.

अठरा वर्षांखालचा भाऊ, बहीण, शेजारी कोणालाही सोबत नेऊ नका. मुलांना प्रचारात वापरू नये असा आयोगाचा स्पष्ट आदेश आहे, आणि फोटोत ते मूल प्रचारातलंच वाटतं.

हिशेबनीस

खर्चाचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून थोडं लांबवतो.

गुजरातसारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाखांची मर्यादा आहे, त्याआधी ती २८ लाख होती (मधल्या काळात ३०.८० लाख). पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. गोंधळ इथूनच सुरू होतो. नवलखी मैदानावर मोठा नेता आला, तर त्याच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही, अट एवढीच की तो त्या पक्षाने वेळेत दिलेल्या स्टार प्रचारकांच्या यादीत हवा (मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावं, इतरांना २०). पण उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचा फोटो, नाव फलकावर लागलं, तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या खात्यात जातो. मंचावर पाच उमेदवार असतील तर पाच जणांत विभागून. म्हणून सभेच्या वहीत पहिली नोंद ही: मंचावर कोण, फलकावर कोणाचा चेहरा. ही नोंद राहिली की पुढचा सगळा हिशेब निरुपयोगी.

मोजायचं कसं? सभेच्या एक तास आधी पोचा, तेव्हा मैदान रिकामं असतं. खुर्च्या लागल्या की रांगा गुणिले एका रांगेतल्या खुर्च्या, प्रत्येक कप्प्याचं वेगळं लिहा. मंडप पावलांनी मोजा. आपलं पाऊल किती फुटांचं ते घरी टेपने मोजून ठेवा. मंच, स्पीकरचे खोके, जनरेटर, मोठे पडदे, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, जेवणाची सोय. वाहनांचे क्रमांक लिहाच, नुसती संख्या नको. तीच टेम्पो तीन फेऱ्या मारते आणि वहीत तीन होते, ही नेहमीची चूक. परवानगी असलेल्या गाडीच्या समोरच्या काचेवर मूळ परवाना चिकटवलेला असतो, त्यावर गाडीचा क्रमांक आणि उमेदवाराचं नाव असतं.

हे आकडे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाने गुणायचे. खुर्ची, मंडप, फलक, गाडी, चहा-नाश्ता, सगळ्याचे दर ते पक्षांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरवतात. बाजारभाव लावू नका. मार्गशीर्षात लग्नसराई असते, मंडपवाल्यांचे भाव चढलेले असतात आणि तुमची बेरीज फुगते.

प्रशासन स्वतः हेच करतं. व्हिडिओ पथक चित्रण करतं, दुसरं पथक ते पाहून वस्तू मोजतं, लेखा पथक समांतर नोंदवही ठेवतं. उमेदवाराची वही प्रचारकाळात किमान तीनदा तपासली जाते आणि समांतर वहीशी ताडली जाते. तपासणीच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या टिपून ठेवा.

टोपी, खेस, झेंडा वाटला तर तो खर्चात धरतात. साडी, शर्ट वाटणं मात्र लाचेत मोडतं. वहीत या दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा.

पत्रकं गोळा करा, प्रत्येकावर मागे तारीख आणि जागा लिहा. तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७क प्रमाणे सक्तीचं आहे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रतींची संख्याही बऱ्याचदा छापलेली असते. निनावी पत्रक मिळालं तर ते वेगळ्या पाकिटात ठेवा. बहुधा ते प्रतिस्पर्ध्याबद्दल असतं. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे मराठीतलं पत्रक येतं का आणि त्यातला मजकूर गुजराती पत्रकापेक्षा वेगळा आहे का, हे जरूर पाहा. मराठी पत्रकं गोळा करून वाचायचं काम गुजराती न येणाऱ्या दोघांना द्या.

वाडीकर

फारच उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. रोड शोमधली गर्दी कशी मोजायची? आणि काही गैर दिसलं तर सी-व्हिजिलवर (आयोगाच्या तक्रारीच्या ॲपवर) तक्रार करावी का?

हिशेबनीस

मांडवीजवळच्या अरुंद रस्त्यावर पाचशे माणसंही समुद्रासारखी दिसतात, फोटोवरून अंदाज बांधू नका. मार्गावर दोन ठिकाणी दोघं दोघं उभे करा. मिरवणूक समोरून जाताना दर पाच मिनिटांनी एक मिनिट मोजा, सरासरीला एकूण मिनिटांनी गुणा. चालणारे आणि कडेला उभे असलेले वेगळे लिहा, कारण दुकानाच्या पायरीवरचा माणूस समर्थक असेलच असं नाही. दोन ठिकाणच्या आकड्यांत मोठा फरक आला तर लोक मधूनच गळाले किंवा मिळाले, आणि तीही नोंद कामाची. मैदानातल्या सभेत विरळ भागात चौरस मीटरला एक, साधारण दाटीत दोन, खेटून उभे असतील तर चार माणसं धरा. चारच्या वरचा आकडा वापरूच नका.

शेरी_नाका

तक्रारीचं आधीच एकमताने ठरवून लिहून ठेवा. सी-व्हिजिलवर फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ जागेवरच काढून पाठवावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही, आणि १०० मिनिटांत कारवाईचं बंधन आहे. नाव न देताही पाठवता येतं. पण भरारी पथक अर्ध्या तासात आलं आणि शेरीत तुम्हीच वही घेऊन उभे असाल, तर लोक जोडतातच. माझं मत: पैसे, दारू, धमकी दिसली तर तक्रार करा आणि त्या जागेवरून निघा, दहानंतर वाजलेला भोंगा, वाकडा लागलेला फलक नुसता वहीत.

आता घरोघरीचं. गुजरातेत सभेपेक्षा यादीच्या पानावर जास्त काम होतं. भाजपकडे मतदारयादीच्या एकेका पानाला पेज प्रमुख आणि पेज कमिटी असते, एका पानावर साधारण तीस मतदार. तो माणूस त्याच पोळातला, रोज भेटणारा. दुसऱ्या पक्षांकडे त्या बूथवर कोण आहे, यादीची प्रत कोणाच्या हातात आहे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर तीही माहितीच. कार्यकर्ता एखाद्या योजनेचं नाव सांगून फोन नंबर आणि सही घेत असेल तर वेळेसह टिपा. निवडणुकीनंतरच्या लाभासाठी अशी नोंदणी करू नये, असं आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावलं आहे. यादीच्या खुणा केलेल्या पानाचा फोटो मात्र काढू नका, त्यात शेजाऱ्यांची नावं असतात.

मतदारांना 'कोणाला देणार' हे विचारूच नका. 'कोण कोण येऊन गेलं, काय बोललं, किती वेळ थांबलं' एवढंच विचारा. लोक सविस्तर सांगतात आणि तुमचा विषयही तोच आहे. सोसायटीत आधी सेक्रेटरीला भेटा. पोळात दुपारी चारनंतर ओटल्यावर बायका बसतात, गटातल्या मुलींनी तेव्हा जावं. पुरुष रात्री जेवणानंतर भेटतात. वहीत तीन रकाने: पाहिलं, संबंधित माणसाने सांगितलं, तिसऱ्याकडून ऐकलं. रात्री झोपण्याआधी नोंदी साफ लिहून काढा. दुसऱ्या दिवशी ऐकलेलं पाहिलेल्यात मिसळतं.

मतदानाच्या दिवशी 'तुम्ही कोणाला दिलं' असं कोणाला विचारून कल इन्स्टाग्रामवर टाकला, तर तो एक्झिट पोल ठरू शकतो. पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्ध्या तासापर्यंत त्यावर बंदी असते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बडोदे दुसऱ्या टप्प्यात असेल तर पहिल्या टप्प्यातल्या नातेवाइकांना विचारून टाकलेली पोस्टही यात येते.

हिशेबनीस

एक राहिलं. अहवाल मोजणीनंतर लगेच बंद करू नका. निकालापासून ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि तो नागरिकाला पाहता येतो. ८ डिसेंबरच्या निकालाला ती मुदत ७ जानेवारी होती. तुमच्या वहीतली एखादी सभा घ्या, तारीख आणि जागा जुळवा, खुर्च्या आणि मंडप त्यांच्या हिशेबात किती लिहिलेत ते शेजारी मांडा. फरक दिसला तर आधी मंचावरच्या उमेदवारांची नोंद पुन्हा तपासा, खर्च विभागला गेलेला असू शकतो. विभागूनही जुळत नसेल तर ती सभा अहवालात दोन्ही आकड्यांसह द्या.