ठाण्यात रोज चालवायला जुनी स्टेशन वॅगन: कुठली घ्यावी, आधी काय बदलावं?

प्रेषक: कासारवडवली

नमस्कार मंडळी,

सध्या परदेशात आहे. जूनपासून मुक्काम कासारवडवलीला, नोकरी महापेला. म्हणजे रोज घोडबंदर रोड, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता. गाडीत पेटी, तबला-डग्गा आणि आईची व्हीलचेअर एकदम मावली पाहिजे. एसयूव्हीत आईला चढता येत नाही, म्हणून जुनी स्टेशन वॅगन (सेडानच, पण छत मागेपर्यंत नेऊन डिकी मोठी केलेली) घ्यायचा विचार आहे. तीन प्रश्न:

१. कुठली घ्यावी?
२. घेतल्यावर आधी कशावर खर्च करावा?
३. माझी इथली बारा वर्षांची, डावीकडच्या स्टिअरिंगची वॅगनच बोटीने भारतात नेली तर?

प्रेषक: वाशीकर

अगं, तिसऱ्याचं आधी सांगतो म्हणजे तो विषय मिटेल. वापरलेली गाडी भारतात न्यायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि वर किमतीहून जास्त ड्युटी भरावी लागते. तुझी बारा वर्षांची डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी तिथेच विकून टाक.

आता कुठली. आपल्याकडे वॅगन कधीच फार खपल्या नाहीत. १९९२ ची टाटा इस्टेट हौशी लोकांकडे शोभते, रोजच्या रेट्याला नको. ओपल कोर्सा स्विंग चालवायला छान, पण ओपल २००६ लाच भारतातून गेली. पार्टसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानं पालथी घालायची तयारी असेल तरच बघ. राहिल्या तीन: मारुती बलेनो अल्टुरा (१.६ पेट्रोल), २००४ ला आलेली टाटा इंडिगो मरिना (१.४, पेट्रोल किंवा डिझेल) आणि स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (१.९ डिझेल).

तिन्हींचं पुढचं अर्धं अंग त्यांच्या सेडानचंच आहे. क्लच प्लेट, लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा), रेडिएटर, ब्रेक पॅड, सगळं सेडानचं बसतं. सेडानचं बसत नाही ते मागचं: डिकीचं दार, त्याची काच, मागचे दिवे, सामान झाकायचा गुंडाळीचा पडदा. ते नवं मिळत नाही आणि जुनं मिळालं तर नशीब. म्हणून वॅगन मागून बघायला सुरुवात कर. लोक बॉनेट उघडून तासभर इंजिन ऐकतात आणि डिकी नुसती उघडून बंद करतात. तू उलटं कर.

डिकीचं दार अर्धं उघडून सोड. आपोआप वर गेलं, वरच थांबलं तर दार पेलणारे गॅसचे दांडे ठीक. खाली यायला लागलं तरी बिघडत नाही, दांडे मिळतात. फक्त गाडीचं नाव सांगून मागू नकोस. दांड्यावर न्यूटनमध्ये जोर छापलेला असतो तो वाच, पूर्ण उघडल्यावरची लांबी आणि दांडी किती आत जाते ते मोज, आणि त्या मापाने घे. जास्त जोराचा बसवला तर बिजागरीजवळचा पत्रा वाकतो.

मग दारातून छतात जाणारी रबराची नळी बघ, वायरिंग तिच्यातून जातं. हजारो वेळा वाकून आतल्या वायरी तुटतात. मागचा वायपर, काच गरम करणाऱ्या तारा आणि नंबर प्लेटचा दिवा, यातलं दोन एकदम बंद असेल तर दोष तिथेच, मोटर बदलू नकोस. मागच्या काचेवर पाणी मारणारी नळीही छतातून जाते. ती बिजागरीपाशी सुटली की पाणी काचेवर न येता छताच्या कापडात झिरपतं. कापडावर तपकिरी डाग दिसला तर पाणी मारून बघ.

शेवटी स्टेपनी बाहेर काढ. खालच्या खळग्यात पाणी किंवा गंज दिसला तर ते मागच्या दिव्याच्या गॅस्केटमधून किंवा छतावरच्या रेलच्या बोल्टमधून उतरलेलं असतं. दाराच्या खालच्या कडेवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरव. चिकटलं नाही तर तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. खाडीकाठच्या गाडीपेक्षा पुण्या-नाशिकची गाडी मी आधी बघेन.

प्रेषक: ऐरोलीकर

वाशीकर काकांच्या मेलला कागदांची जोड देतो. ताई, या गाड्या पंधरा वर्षं कधीच ओलांडून गेल्यात. दहा वर्षांचं डिझेल बंद हा दिल्लीकडचा नियम, ठाण्यात तो नाही. मात्र पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. २००५ ची गाडी २०२० ला वाढली असेल तर २०२५ ला पुन्हा. आरसी बुकात ‘वैध पर्यंत’ची तारीख आधी बघा. विकणारे नेमके त्या तारखेच्या तोंडावर गाडी काढतात. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. हा खर्च कोणाचा, ते भाव ठरतानाच बोलून घ्या.

बाकी: मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या आरटीओची, म्हणजे एमएच-१२ वगैरे असेल, तर तिथल्या एनओसीसाठी फॉर्म २८. ठाणे एमएच-०४, वाशी एमएच-४३. इ-चलनं आधी भरून घ्या. २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागलेली हवी. चेसिस नंबरचं पेन्सिलने उमटवलेलं प्रिंट स्वतः काढा. नंबर गंजून वाचता येत नसेल तर पासिंगला अडणार.

आणखी एक, टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी. सोसायटीचं पार्किंग यांत्रिक असेल तर त्या पाळण्यावर कमाल लांबी आणि वजनाची पाटी असते, ती वाचून घ्या. मरिना सव्वाचार मीटरच्या आत बसते, कॉम्बी साडेचारच्या थोडी वर जाते.

प्रेषक: कासारवडवली

काका, दादा, आभार. पार्किंग जमिनीवरचं आहे, त्यामुळे लांबीची अडचण नाही. मरिना पेट्रोल आणि कॉम्बी या दोन बघायच्या ठरल्या. कॉम्बीवाला सांगतो, “सोळा इंची अलॉय टाकलेत, थर्मोस्टॅट काढून टाकलाय, त्यामुळे गाडी कधी गरम होत नाही.” हे चांगलं की वाईट?

प्रेषक: वाशीकर

थर्मोस्टॅट काढला म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप. ती नसली की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन हवं तेवढं तापत नाही, डिझेल जास्त लागतं आणि इंजिनात काजळी धरते. उलट माजिवड्याच्या सिग्नलला दहा मिनिटं एसी लावून उभं राहिलं की गाडी तापते ती तापतेच, कारण मूळ आजार कोणी बघितलेलाच नसतो. तो बहुधा तिघांपैकी एक: चोंदलेला रेडिएटर, एकाच स्पीडवर चालणारा पंखा किंवा वॉटर पंप. स्कोडा फोक्सवॅगनच्याच घराण्यातली, आणि त्या काळातल्या या घराण्याच्या गाड्यांत पंपाचं पातं प्लॅस्टिकचं असे, ते चिरतं किंवा दांड्यावर नुसतं गरगरतं. पंप बाहेरून कोरडा दिसतो आणि पाणी मात्र फिरत नाही. नवा घेताना धातूच्या पात्याचा घे.

कॉम्बी घेतलीस तर पहिल्या आठवड्यातलं काम टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा पट्टा). आधीच्या मालकाने ‘बदललाय’ म्हटलं तरी बिल नसेल तर बदललेला नाही असंच धर. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. नुसता बेल्ट घालू नकोस: तो ताणून धरणारा टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप सगळं एकाच वेळी. पंप याच बेल्टवर फिरतो. तो वर्षभराने गळला तर तीच मजुरी दुसऱ्यांदा. बेल्टसाठी सोडवावे लागणारे इंजिन माउंटिंगचे बोल्ट आवळताना ताणले जाणारे असतात, ते काढले की नवेच घालायचे.

गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचार: “कॅमशाफ्ट लॉक करायची पट्टी आणि डिझेल पंपाची पिन आहे का?” त्याने व्हाइटनरची बाटली दाखवली, जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर खुणा करून नवा चढवतो म्हणाला, तर नमस्कार कर आणि निघ. खुणा एक दात चुकल्या तरी गाडी सुरू होते, पण धूर टाकते आणि ओढत नाही. बेल्ट झाल्यावर डिझेल पंपाचं टायमिंग संगणक लावून बघायचं, ते कानाने होत नाही.

कूलंट गुलाबी जी-१२, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं. आत हिरवं असेल तर पूर्ण काढून दोनदा धुऊन मगच गुलाबी भर. दोन्ही मिसळले तर गाळ होतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

मरिनाची तक्रार वेगळी. इंजिन साधं, पार्ट नाक्यावर मिळतात. पण लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड खड्ड्यांत लवकर जातात. रिकाम्या गाडीत मागून ‘टक्-टक्’ येत असेल तर शॉकअपआधी वरचं माउंटिंग बघ. आणि मागची बाजू बसली आहे का, हे डोळ्याने नको, टेपने ठरव: चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत दोन्हीकडे माप घे. डाव्या-उजव्यात दीड सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग थकली. तिथे स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबर घालायचा सल्ला मिळेल. घालू नकोस. वेटोळी कमी हलतात, सगळा मार शॉकअपच्या माउंटिंगवर जातो. स्प्रिंगची जोडी बदल.

प्रेषक: ऐरोलीकर

चाकांचा हिशोब मांडतो. कॉम्बीचं मूळ माप १९५/६५ आर १५ (रुंदी १९५ मिमी, भिंत तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची): बाजूची भिंत १२७ मिमी, पूर्ण व्यास साधारण ६३४. सोळा इंचीत २०५/५५ घातलं तर व्यास ६३२, म्हणजे स्पीडोमीटर बरोबर; पण भिंत ११३. खड्डा झेलायला रबर चौदा मिलिमीटर कमी. पावसाळ्यात गायमुखच्या चढावर रिम वाकवायला तेवढं पुरतं. विकणाऱ्याकडे मूळ पंधरा इंची चाकं असतील तर मागून घ्या.

मरिनाला १७५/६५ आर १४, व्यास ५८३. बदलायचंच तर १८५/६५: व्यास ५९६, सव्वादोन टक्के जास्त, भिंत साडेसहा मिलिमीटर उंच. पूर्ण स्टिअरिंग वळवून, मागे दोन माणसं बसवून टायर कुठे घासतो का ते बघा. टायरवर चार आकड्यांची तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदला.

दिवे: जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट स्विचमधून जातो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या पिनवर १२.३ असेल तर उजेड तिथेच गेला. उपाय: दोन रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला जोडणारे स्विच), बॅटरीपासून अडीच स्क्वेअर मिमी वायर, बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज, आणि मूळचेच ६०/५५ वॉटचे एच-४ बल्ब. एच-४ च्या परावर्तकात एलईडी बल्ब घालू नका. प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्ता काळाच राहतो.

मरिना पेट्रोल घेणार असाल तर इंधनाच्या रबरी नळ्या बदला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि तेव्हाच्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्या आतून फुगतात, बाहेरून भेगाळतात. बॉनेटखाली ‘३०-आर-९’ दर्जाची नळी, टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडलेला तुकडा असेल तर ‘३०-आर-१०’. आर-९ बुडवून ठेवायला नाही, हा फरक दुकानदारही विसरतो. क्लिप फ्युएल इंजेक्शनच्या नळीची, गुळगुळीत कडेची घ्या. खाचांची क्लिप रबर कापते.

प्रेषक: माजिवडा

सगळे डिझेल-पेट्रोल करताहेत. मरिनाला सीएनजी किट का नको? रोजचे पन्नासेक किलोमीटर असतील तर खर्च निम्मा.

प्रेषक: वाशीकर

अहो, खर्चाचं बरोबर आहे, पण टाकी ठेवणार कुठे? साठ लिटरच्या टाकीत नऊ-दहा किलो गॅस, आणि ती सीटच्या मागे आडवी बसली की व्हीलचेअर टपावर. वॅगन घ्यायची आणि डिकी टाकीला द्यायची, याला काय अर्थ? शिवाय आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी. एकट्यासाठी, सेडानला, जरूर बसवा.

प्रेषक: कासारवडवली

पटलं. मग मरिना पेट्रोल, बिनकिटाची. शेवटचं एक: मे महिन्यात गाडी घेऊन ठेवली आणि मी जून संपता संपता पोचले, तर मधले पाच आठवडे ती उभी कशी ठेवायची?

प्रेषक: वाशीकर

हँडब्रेक सोडून, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दोन्हीकडून विटा. ओढून ठेवलास तर दमट हवेत मागचे लायनर ड्रमला चिकटतात. टाकी पूर्ण भर. रिकाम्या टाकीत हवा राहते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. बॅटरीचं उणे टर्मिनल काढ; त्याआधी म्युझिक सिस्टीमला कोड आहे का ते विचारून लिहून घे. टायरमध्ये पाच पीएसआय जास्त. गाडीवर प्लॅस्टिक घालू नकोस, आत घाम धरतो.

आणि बॉनेटखाली उंदीर. एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाला बारीक जाळी लाव, आणि परत आल्यावर चावी फिरवायच्या आधी बॉनेट उघडून इंजेक्टरच्या वायरी बघ. जाळी काढायला विसरू नकोस, पान-कचरा अडकला की इंजिन घुसमटतं.

प्रेषक: कासारवडवली

चुंबक, टेप, मल्टिमीटर आणि पाण्याची बाटली भावाकडे दिलीय. रविवारी सकाळी तो कोलशेतला गाडी बघायला जातोय. सांगितलंय, डिकीपासून सुरुवात कर.