"अणुभट्टी म्हणजे पुरून ठेवलेला बॉम्ब" हे आता थांबवा

टर्बाइनवाला:
कालपासून तीन गटांतून एकच मजकूर आला. "जैतापूरला सहा अणुभट्ट्या म्हणजे कोकणाखाली पुरलेले सहा अणुबॉम्ब. आता फ्युजन (हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा) येतंय, तोवर थांबा." औष्णिक केंद्रात ३१ वर्षं टर्बाइनवर काढली आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

निसर्गातल्या युरेनियममध्ये यु-२३५, म्हणजे सहज फुटणारा प्रकार, असतो जेमतेम ०.७ टक्के. जैतापूरसारख्या भट्टीच्या इंधनात तो ३ ते ५ टक्क्यांवर नेतात. बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास लागतो. एक अणुकेंद्र फुटलं (यालाच विखंडन म्हणतात) की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, त्यातल्या सरासरी एकानेच पुढचं केंद्र फोडायचं. हा तोल सांभाळायला न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे असतात. मिळालेल्या उष्णतेवर वाफ करायची. वाफेपासून पुढे आमच्यात नि त्यांच्यात काही फरक नाही, तेच टर्बाइन, तेच जनित्र. १९६९ पासून तारापूरने वीज दिली, मुंबईच्या उशाशी.

आणि फ्युजन? ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात २.०५ मेगाज्यूल लेझर टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. पण तो लेझर पेटवायला विजेच्या तारेतून घेतले ३०० मेगाज्यूलच्या आसपास! फ्रान्समधल्या ईटर या प्रायोगिक फ्युजन भट्टीत ड्युटेरियम-ट्रिटियमचे (जड हायड्रोजनच्या खऱ्या इंधनाचे) प्रयोग २०३९ ला ठरलेत, आणि त्यातून वीज बनणारच नाही. तोवर कंदील लावून बसायचं का?

सड्यावरून:
तो मजकूर माझा आहे. चेर्नोबिल नि फुकुशिमाला स्फोट झाले नाहीत असं म्हणायचंय का तुम्हाला?

टर्बाइनवाला:
झाले. चेर्नोबिलला वाफेचा, फुकुशिमाला हायड्रोजनचा. दोन्हीकडे अणुस्फोट नव्हता.

सड्यावरून:
ज्याचं घर कायमचं सुटलं त्याला स्फोटाची जात सांगून काय उपयोग?

मीनल_पदार्थविज्ञान:
दोघांचंही अर्धंच आहे. दादा, बॉम्ब होत नाही हे बरोबर. पण दांडे खाली घातले की संपलं, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं आणि तेच घातक आहे. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगतात. तसं विखंडन थांबल्यावरही त्यातून तयार झालेली द्रव्यं उष्णता देतच राहतात. थांबवल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या ६-७ टक्के, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी मारून भागतं, इथे पाणी फिरवतच राहावं लागतं. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मग त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडाली, पंप थांबले. पूर्ण बंद असलेल्या भट्ट्या वितळल्या. प्रश्न बॉम्बचा नाही, पंपाच्या विजेचा आहे.

टर्बाइनवाला:
मान्य, हे लिहायला हवं होतं. पण नव्या रचनेत चार वेगवेगळ्या सुरक्षा यंत्रणा आहेत, तेही सांगा की.

होडीवाला_नाटे:
सगळे भट्टीच्या आतलं बोलताय. बाहेर काय येतं ते कोणी बोलेल का? एक भट्टी ४५९० मेगावॉट उष्णता करणार, त्यातली वीज १६५०. उरलेली कुठे जाते? जैतापूरशेजारच्या आमच्या नाट्याच्या समुद्रात. सहांची मिळून साडेसतरा हजार मेगावॉटच्या वर, चोवीस तास.

टर्बाइनवाला:
कोळशाचंही तसंच असतं. वाफ गार करून पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर कुठल्याही वाफेच्या केंद्रात असतोच.

होडीवाला_नाटे:
तुमच्या कंडेन्सरला नदी लागली, इथला समुद्र आमचं ताट आहे. जाळं ओढताना पहिली हातभर दोरी मुठीत आली की कळतं, पाणी कोमट आहे की गार. कोमट असलं की बांगडा वर येत नाही. मग माझी आई रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावरच बसते, लिलाव बघत. असे दिवस भट्टी नसतानाच वाढलेत. त्यात ही भर कोण मोजणार? २०११ पासून विचारतोय. सभेत एक साहेब म्हणाले, समुद्र मोठा आहे.

राखेतून_विदर्भ:
भाऊ, तुझं दुःख खरं आहे, पण माझंही ऐक. आमचं घर कोळशाच्या केंद्रापासून चार किलोमीटरवर. दोरीवरचा पांढरा सदरा झटकल्याशिवाय अंगात घालता येत नाही. माठावर फडकं, फडक्यावर ताट, तरी तळाशी करडा थर. बाबा बिडीही न ओढता दम्याने गेले. त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही, कारण राख रोज थोडी थोडी पडते. कोकणाने अणू नाकारला की ती वीज आमच्या छातीतून निघते, हे तरी बोला.

होडीवाला_नाटे:
म्हणजे तुमची राख आम्ही खायची?

राखेतून_विदर्भ:
तसं म्हणालोच नाही! तुम्हाला आमची राख दिसतच नाही, याचा राग आहे.

धरणाखालचा:
दोघं भांडताय, वीज वापरणारे मजेत. आमचं गाव धरणात गेलं. पाण्याखालच्या देवळाचा कळस उन्हाळ्यात वर येतो, तेव्हा आजी लुगड्याच्या टोकात हळद-कुंकू बांधून काठावर जाते. बदली जमिनीचा सातबारा वडिलांच्या नावावर व्हायला २६ वर्षं लागली. प्रकल्प कुठला याने फरक पडत नाही. आधी सातबारा हातात द्या, मग विखंडन शिकवा.

टर्बाइनवाला:
धाग्याचा विषय पुनर्वसन नाही.

धरणाखालचा:
तुमचा नसेल. आमचा तोच एक विषय आहे.

मीनल_पदार्थविज्ञान:
दादा, "विषय नाही" म्हणू नका, याच वाक्याने लोक बॉम्बच्या मजकुरावर विश्वास ठेवतात. आणि "तोवर थांबा"वाल्यांना एक उदाहरण मीच देते. जैतापूरला ठरलेलीच ही ईपीआर, म्हणजे फ्रेंच अणुभट्टीची रचना. फिनलंडची ऑल्किलुओटो-३ बांधायला घेतली २००५ ला, नियमित वीज २०२३ ला. फ्रान्सची फ्लामानव्हील २००७ ची, जाळ्याला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. अठरा आणि सतरा वर्षं. म्हणजे आज पाया खणला तरी राखेतल्या भावाच्या माठातला थर उद्या जाणार नाही.

टर्बाइनवाला:
हा मुद्दा लागला. उत्तर नाही माझ्याकडे. नाट्याच्या भावाचा उष्णतेचा आकडा मूळ लेखात घालतो. कोळशाच्या धुराड्यातून थोडी उष्णता वर जाते, अणूची जवळजवळ सगळी पाण्यातच उतरते, तेही लिहितो. पण बॉम्बचं वाक्य तुम्हीही काढा.

सड्यावरून:
काढलं. "तोवर थांबा" काढणार नाही. त्याजागी लिहिलंय: पाण्याचं तापमान भट्टीच्या आधीपासून, नाट्याच्या होड्या सोबत घेऊन मोजा, आणि आकडे बंदराच्या फळ्यावर लावा.

होडीवाला_नाटे:
होडी देतो. डिझेल त्यांचं.