फोम गुंडाळला तर वस्तू आवाजापासून लपते का?

तन्मय_मेक:
सेमिनारला अकूस्टिक क्लोकिंग, म्हणजे वस्तू आवाजापासून लपवण्याचं तंत्र, घेतलंय. ड्यूक विद्यापीठातला तो भोकाभोकांच्या प्लास्टिक पत्र्यांचा पिरॅमिड पाहिला. पण आवाज परत येऊ द्यायचा नसेल तर वस्तूला जाड फोम गुंडाळला की काम झालं ना? एवढा खटाटोप कशाला?

साउंडवाले_नाना:
अरे, फोम आवाज गिळतो, वस्तू लपवत नाही. माझी हयात स्टुडिओच्या भिंतींना ग्लासवूल ठोकण्यात गेलीय. फरशीवर फोमचा ठोकळा ठेव आणि वरून टिक वाजव. मोकळ्या फरशीवरून जो आवाज परत यायला हवा, तो तेवढ्या जागेतून येणारच नाही. म्हणजे चोर सापडलाच की!

ड्यूकच्या स्टीव्हन कमर यांच्या गटाने 2014 साली नेमकं हेच टाळलं. वस्तू फरशीपेक्षा उंच, म्हणून तिच्यावर आपटलेला आवाज थोडा आधी परततो. पिरॅमिड त्याला तेवढाच उशीर करतो, त्यामुळे तो सपाट फरशीवरूनच आल्यासारखा वाटतो. पत्र्याला समांतर हवा बिनदिक्कत हलते, पत्र्याच्या आरपार मात्र भोकांतून दाटीवाटीनं जाते. त्यामुळे एका दिशेनं तीच हवा जड असल्यासारखी वागते. सगळी करामत या दिशाभेदात आहे, प्लास्टिकमध्ये नाही.

तन्मय_मेक:
भारी! मग हाच पिरॅमिड पाण्यात बुडवला तर सोनारपासून, म्हणजे पाण्यात आवाज सोडून वस्तू शोधणाऱ्या यंत्रापासून, लपता येईल?

खारं_पाणी:
नाही. हवेपुढे प्लास्टिक म्हणजे दगडी भिंत, पण त्याची घनता पाण्याच्या आसपासची. आवाज पत्र्यातूनच आरपार जाईल. पाण्यासाठी इलिनॉय विद्यापीठात निकोलस फँग यांच्या गटाने 2011 मध्ये 16 कड्यांचा वेगळा दंडगोल केला होता. तो 40 ते 80 किलोहर्ट्झला चालला. पाणबुडीला रबरी टाइल लावतात तो मात्र तुझा फोमवालाच मार्ग, जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धातच वापरलेला.

तन्मय_मेक:
नाना, ॲक्रिलिक लेझरनं कापून छोटा डेमो जमेल का?

साउंडवाले_नाना:
प्रयत्न कर. 3 किलोहर्ट्झच्या आसपास राहा. तिथं तरंगलांबी साधारण 11 सेंटिमीटर, म्हणून भोकं मिलिमीटरांतलीच हवीत. मोजणी आधी मोकळ्या फरशीची, मग नुसत्या वस्तूची, मग झाकलेल्या वस्तूची. आणि कृपा करून सबवूफर लावू नकोस. 100 हर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर, तिला वीतभर वस्तू तशीही जाणवत नाही. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.