एअरसॉफ्ट सुरू करावं का? मन होतंय पण पाऊल पडत नाहीये

सांजवारा:
बरेच दिवस एअरसॉफ्टचे, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकीने प्लास्टिकच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायच्या खेळाचे, व्हिडिओ बघतोय आणि आता ते डोक्यातून जायलाच तयार नाही. दिवसभर खुर्चीत बसून काम, जिमचा कंटाळा येतो, त्यामुळे पळायला लावणारं काहीतरी हवंय हे नक्की. पण बायको म्हणते डोळ्याला लागलं तर काय, आणि तिचं चुकत नाहीये, त्यात मला चष्मा आहे. खर्चाचाही अंदाज येत नाही, कारण जो तो वेगळीच रायफल घ्यायला सांगतो. आणि खरं सांगायचं तर प्लास्टिकची का असेना, बंदूक माणसावर रोखायची हे मनाला थोडं खटकतं. जे खेळतात त्यांनी मोकळेपणाने सांगा, सुरू करावं का?

भटक्या:
आधी भाड्याच्या गियरवर एक अख्खा दिवस खेळून या, तोपर्यंत रायफलीचे रिव्ह्यू बघूच नका. बहुतेक मैदानांवर रायफल आणि मास्क भाड्याने मिळतं. दुपारपर्यंत मांड्या भरून येतात, घामाने मास्क चिकटतो, अर्धा वेळ झुडपामागे गुडघ्यावर बसून नुसती वाट बघण्यात जातो, व्हिडिओत हे सगळं कापलेलं असतं. ते आवडलं तर खेळ तुमचा.

लागण्याचं म्हणाल तर गोळी ६ मिमीची, प्लास्टिकची, हलकी म्हणजे ०.२० ग्रॅम. बऱ्याच ठिकाणी साध्या रायफलला या गोळीवर सेकंदाला ३५० फुटांच्या आसपास मर्यादा असते, म्हणजे साधारण १.१४ जूल ऊर्जा, आणि खेळाआधी क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, प्रत्येकाची रायफल तपासतात. जाड शर्टावर टिचकी मारल्यासारखं लागतं, उघड्या कातडीवर लाल ठिपका उठतो, बोटांच्या पेरांवर बसली तर मात्र डोळ्यात पाणी येतं, म्हणून हातमोजे घालाच. दात तुटू शकतात, त्यामुळे खालचा चेहराही झाकलेला हवा.

डोळ्यांच्या बाबतीत वहिनी शंभर टक्के बरोबर आहेत. साधा चष्मा किंवा गॉगल अजिबात चालत नाही. एएनएसआय झेड ८७.१ किंवा ईएन १६६ असं डोळ्यांच्या सुरक्षेच्या मानकाचं मार्किंग असलेला, चारी बाजूंनी चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल घ्या, आणि पहिला पैसा तिथेच घाला. जाळीच्या गॉगलला वाफ धरत नाही म्हणून लोक तो घेतात, पण गोळी फुटली की तिचे बारीक तुकडे जाळीतून आत येऊ शकतात, मी तरी तो डोळ्यावर लावणार नाही. आणि मैदानात असेपर्यंत काहीही झालं तरी गॉगल काढायचा नाही, राउंड संपला तरी नाही, दिसेनासं झालं तर हात वर करून सेफ झोनमध्ये जायचं आणि तिथे पुसायचा.

रानवाट:
भटक्याशी सहमत, फक्त एक सांगते, भाड्याच्या रायफलीवरून खेळाचं मत बनवू नका. त्या खूप हातांतून गेलेल्या असतात आणि हॉपअप बऱ्याचदा बिघडवून ठेवलेला असतो. हॉपअप म्हणजे नळीतला छोटा रबर, तो गोळीला उलटी फिरकी देतो आणि त्या फिरकीमुळे ती हवेत तरंगत लांब जाते. गोळी शेवटी वर उचलली गेली तर हॉप जास्त, लवकर खाली पडली तर कमी, मैदानावरच्या कुणालाही सांगा, लावून देतील. हॉप कमी-जास्त करायच्या त्या एवढ्याशा चाकाने रायफल पार बदलते.

पुढे स्वतःची घ्यायची झाली तर साधी इलेक्ट्रिक घ्या. गॅसवाली थंडीत नखरे करते आणि तिच्या मॅगझिनही (गोळ्या भरायचे कप्पे) महाग पडतात. स्नायपरच्या नादाला पहिल्याच वर्षी लागू नका, तिची ताकद जास्त म्हणून जवळून मारायला बंदी असते, आणि पल्ला लोकांना वाटतो तेवढा काही जास्त नसतो. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेतलीत तर बॅलन्स चार्जरवरच, म्हणजे आतले सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवरच, चार्ज करा, ती चार्जिंगला लावून झोपायचं नाही आणि फुगलेली परत वापरायची नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण लोक इथेच ढिलाई करतात.

जुना_गडी:
बंदूक रोखण्याचं जे लिहिलंत त्यावर बोलतो, कारण बाकीचं सगळं विकत मिळतं. पेंटबॉलमध्ये रंगाचा डाग पडतो, इथे काहीच खूण राहत नाही. लागलं की नाही हे फक्त ज्याला लागलं त्यालाच माहीत, आणि त्यानेच ‘हिट’ ओरडून, हात वर करून, लाल फडकं डोक्यावर टाकून बाहेर जायचं. सगळा खेळ या शब्दावर उभा आहे. ज्या मैदानावर लोक लागलं तरी कबूल करत नाहीत तिथे भांडणं होतात, चिडून कोणीतरी जवळून ऑटोवर, म्हणजे सलग गोळ्या सोडत, झोडतो आणि मग ते खरंच ओंगळ होतं. म्हणून मैदान निवडताना तिथल्या रायफली बघू नका, एक राउंड बाहेर उभं राहून लोक हिट कसे घेतात ते बघा. चांगल्या ठिकाणी बाद झालेला माणूस जाताना समोरच्याला ‘भारी मारलास’ म्हणून जातो. ते बघितल्यावर तुमचं खटकणं राहतं की जातं ते तुम्हालाच कळेल, आणि राहिलं तर नका खेळू, त्यात काही कमीपणा नाही.

कायदा मात्र घेण्याआधी बघा. देशागणिक नियम वेगळे आहेत, जपानमध्ये हा खेळ १९७० च्या दशकात सुरू झाला तर तिथेच ताकदीवर जवळपास ०.९८ जूलची कायदेशीर मर्यादा आहे. आणि मैदानाबाहेर रायफल कायम बंद बॅगेत, मॅगझिन काढून. लांबून ती खरीच वाटते, बघणाऱ्याला आणि पोलिसांनाही.

सांजवारा:
एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आधी नुसता बघायला जातो, बायकोलाही नेतो. चष्म्यावर काय करायचं तेवढं सांगा.

रानवाट:
मलाही चष्मा आहे. चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल येतो, डबल काचेचा घ्या, वाफ कमी धरते. छोटा पंखा लावलेलेही मिळतात. काहींमध्ये आत नंबरची काच बसवायची सोय असते, ते सगळ्यात सोयीचं. मात्र घेताना चष्मा घालूनच दुकानात लावून बघा, मान हलवून, खाली वाकून, कारण कानाजवळ दांडीमुळे फट राहते आणि ती आरशात दिसत नाही, बोट फिरवून बघावी लागते.