शब्दचर्चा: ‘टुरिंग कार’, ‘होमोलोगेशन’, ‘फेरी’ आणि १९८७चा हंगाम

काना-मात्रा

टुरिंग कारचं पहिलं जागतिक अजिंक्यपद १९८७ साली झालं. २२ मार्चला इटलीतल्या मोंझाला सुरू झालेला हंगाम १५ नोव्हेंबरला जपानमधल्या फुजीला संपला. एकूण अकरा शर्यती: सात युरोपात, दोन ऑस्ट्रेलियात, एक न्यूझीलंडमध्ये, एक जपानमध्ये. या हंगामावरच्या मराठी लेखासाठी काही शब्द ठरवायचे आहेत. ‘टुरिंग कार’ला ‘प्रवासी मोटार’ म्हणावं का? ‘होमोलोगेशन’ला नुसतं ‘मान्यता’ पुरेल का? लॅप (ट्रॅकला एक वळसा) आणि राउंड (मालिकेतली एक शर्यत) दोन्हींना आपण ‘फेरी’च म्हणतो, त्याचं काय करायचं? आणि या हंगामात शर्यत संपल्यावर निकाल फिरले, तेव्हा ‘बाद’, ‘निवृत्त’, ‘अपात्र’ यांपैकी कुठे काय लिहायचं?

वेलांटी

‘प्रवासी मोटार’ नको. ‘प्रवासी गाडी’ म्हटलं की आपल्याला मालगाडीच्या उलट असलेली रेल्वे आठवते, आणि ‘टुरिस्ट गाडी’ म्हणजे पिवळ्या पाटीची, भाड्याने मिळणारी. ‘टुरिंग’ शब्दही मराठीत आधीच स्थिरावला आहे, पण ‘टुरिंग टॉकीज’मुळे. तिथे त्याचा अर्थ ‘गावोगाव फिरणारा’. त्यामुळे ‘टुरिंग कार शर्यत’ म्हणजे गावोगाव फिरणारी शर्यत, असा समज होऊ शकतो.

मूळ अर्थ वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार-पाच माणसांना बसवून लांबच्या प्रवासाला नेणारी, बहुधा उघडी आणि दुमडत्या टपाची गाडी म्हणजे ‘टूरर’. नुसत्या शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीपासून तिला वेगळं ओळखण्यासाठी हा शब्द होता. १९०५ मध्ये आइल ऑफ मॅनवर सुरू झालेल्या ‘टुरिस्ट ट्रॉफी’तला ‘टुरिस्ट’ त्याच अर्थाचा. १९८७च्या हंगामातली सिल्व्हरस्टोनची शर्यत हीच, म्हणून लेखात ‘पर्यटक चषक’ असं भाषांतर कृपया करू नये.

गिअरबॉक्स

वेलांटींशी सहमत. ‘टुरिंग कार’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा: शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या चार आसनी गाडीवरून तयार केलेली शर्यतीची गाडी. ‘सलून कार’ हा इंग्लंडमधला जुना पर्याय आहे, पण मराठीत सलून म्हणजे केस कापायची जागा.

१९८७चा हंगाम ‘ग्रुप ए’ नियमांवर, म्हणजे शोरूममधल्या गाड्यांवरून तयार केलेल्या गाड्यांच्या नियमांवर झाला. तिथे ‘गट अ’ लिहायला हरकत नाही, पण त्याच्या आतल्या पोटभागांना पुन्हा ‘गट’ म्हणू नका, ‘विभाग’ म्हणा. विभाग तीन होते: १६०० सीसीपर्यंत, १६०१ ते २५०० आणि २५००च्या वर. इथे एक खाच आहे. फोर्ड सिएरा आरएस कॉसवर्थचं इंजिन १९९३ सीसीचं आणि बीएमडब्ल्यू एम-३चं २३०२ सीसीचं. तरी लहान इंजिनाची सिएरा वरच्या विभागात आणि एम-३ मधल्या विभागात, कारण सिएराला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा होता. टर्बोच्या गाडीची घनक्षमता तेव्हा १.४ने गुणून धरत, म्हणजे १९९३ची झाली २७९०. पुढच्या वर्षी, १९८८ला, हा आकडा १.७ केला गेला आणि तीच गाडी ३३८८ सीसीची ठरली. याला मी ‘टर्बो गुणक’ म्हणेन आणि गुणून येणाऱ्या आकड्याला ‘समतुल्य क्षमता’. लेखात नुसतं ‘दोन लिटरची सिएरा’ लिहिलं, तर ती अडीच लिटरच्या वरच्या विभागात कशी, हे वाचकाला कळणार नाही.

पौड फाटा

होमोलोगेशनबद्दल. हा शब्द पुण्यात नवा नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेमुळे वाहन उद्योगातल्या मराठी माणसांच्या तोंडी ‘होमोलोगेशन झालं का?’ हे रोजचं वाक्य आहे. तिथे त्याचा अर्थ: एखादं मॉडेल रस्त्यावर विकण्याआधी ते ठरलेल्या मानकांत बसतं याची चाचणी आणि प्रमाणपत्र. आरटीओतलं ‘पासिंग’ वेगळं. पासिंग एकेका गाडीचं, होमोलोगेशन अख्ख्या मॉडेलचं.

हाच भेद शर्यतीत जसाच्या तसा लागू होतो. ‘ग्रुप ए’मध्ये उत्पादकाला सलग बारा महिन्यांत त्या मॉडेलच्या किमान ५००० गाड्या बांधून दाखवाव्या लागत. मग मापं, फोटो, सुट्या भागांचे तपशील असलेलं एक पत्रक मंजूर होई. शर्यतीच्या जागी तपासनीस समोर उभी असलेली गाडी त्या पत्रकाशी ताडून पाहत. म्हणून माझी सुचवण अशी: होमोलोगेशन म्हणजे ‘मॉडेल-मान्यता’, त्याचा कागद म्हणजे ‘मान्यतापत्रक’, आणि शर्यतीच्या जागी होते ती ‘तपासणी’. निवडणुकीच्या अर्जांची ‘छाननी’ होते, पण छाननी कागदांची असते. जॅकवर चढवलेल्या गाडीसाठी ‘तपासणी’च बरा.

गिअरबॉक्स

पौड फाटा, हा भेद या हंगामाचा गाभाच आहे. मोंझाला पहिल्याच शर्यतीत बीएमडब्ल्यू एम-३ पुढे संपल्या आणि नंतर अपात्र ठरल्या, कारण बॉडीचे काही भाग पत्रकातल्यापेक्षा हलके निघाले. अंतिम रेषेवर सातवी आलेली ॲलन मॉफॅट आणि जॉन हार्वी यांची होल्डन कमोडोर विजेती ठरली. ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टला तोच प्रकार फोर्डच्या बाबतीत. एगेनबर्गर संघाच्या दोन सिएरा पहिल्या-दुसऱ्या आल्या: स्टीव्ह सोपर आणि पिएर द्यूदोने यांची पहिली, क्लाउस लुडविग आणि क्लाउस नीडत्स्वीड्स यांची दुसरी. पुढच्या मडगार्डच्या कमानी मूळ गाडीपेक्षा उंच केल्याचं आढळलं आणि काही आठवड्यांनी दोन्ही अपात्र. तिसरी आलेली पीटर ब्रॉक, डेव्हिड पार्सन्स आणि पीटर मॅक्लाउड यांची कमोडोर पहिली झाली. ब्रॉकचा तो बाथर्स्टमधला नववा आणि शेवटचा विजय.

या दोन्ही ठिकाणी ‘गाडीची मान्यता रद्द झाली’ असं लिहिणं साफ चूक ठरेल. एम-३ची मान्यता शाबूत होती, सिएराचीही होती. त्या दिवशी धावलेल्या विशिष्ट गाड्या मान्यतापत्रकाशी जुळल्या नाहीत, एवढंच. मॉडेलची मान्यता गेली असती तर त्या गाडीवर चालणाऱ्या सगळ्याच संघांना घरी बसावं लागलं असतं.

वेलांटी

मडगार्डची कमान उंच करून नेमकं काय साधतं? ‘चाकाची कमान’ म्हणावं की ‘मडगार्ड’, हेही त्यावरून ठरेल.

गिअरबॉक्स

गॅरेजमध्ये ‘मडगार्ड’ म्हणतात तो आख्खा पत्रा. चाकावरची त्याची अर्धगोल कड म्हणजे कमान. कमान वर गेली की मोठ्या व्यासाचा टायर आत मावतो, आणि वळणात गाडी दबली तरी पत्र्याला घासत नाही. टायरचा घेर मोठा म्हणजे रबर जास्त आणि तेवढ्याच अंतरात चाकाच्या फिरक्या कमी. तो कमी तापतो, जास्त टिकतो. हजार किलोमीटरच्या शर्यतीत याचा फायदा किती, हे वेगळं सांगायला नको. म्हणून लेखात ‘पुढच्या मडगार्डच्या कमानी’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘मडगार्ड बदलले’ म्हटलं तर अपघातानंतर नवे बसवले असं वाटेल.

काना-मात्रा

आणि ‘इव्होल्यूशन’? एका टिपणात ‘सिएराची उत्क्रांती’ असं आलं आहे.

पौड फाटा

उत्क्रांती जीवांची. इथे ती नियमातली संज्ञा आहे. मूळ मॉडेलच्या ५००० गाड्या झाल्यावर उत्पादकाने सुधारलेल्या आणखी ५०० बांधल्या, तर त्या सुधारणाही शर्यतीत वापरता येत. सिएरा आरएस-५०० मधला ५०० हा आकडा तिथूनच आला. त्या गाड्या ॲस्टन मार्टिन टिकफर्डने तयार केल्या. मोठा टर्बो आणि इंजेक्टरची दुसरी जोडणी, म्हणजे चार सिलिंडरला आठ इंजेक्टर. मान्यता ऑगस्ट १९८७ मध्ये मिळाली, म्हणजे हंगामाच्या मध्यावर. तेव्हा ‘सुधारित आवृत्ती’ म्हणा आणि वसंतातली सिएरा व शरदातली सिएरा एकच गाडी नव्हती, हे जरूर नोंदवा.

वेलांटी

आता फेरी. मराठीत ‘फेरी’ फार कामाचा शब्द आहे: एसटीची फेरी, प्रभातफेरी, उपांत्य फेरी. म्हणूनच गोंधळ होतो. ‘बाथर्स्टची फेरी १६१ फेऱ्यांची होती’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि अर्थाने निरुपयोगी. ‘आवर्तन’ असाही एक प्रस्ताव दिसतो. तो तबल्याला आणि कालव्याच्या पाण्याला शोभतो, गाडीला जड होतो. मला वाटतं लॅपला ‘फेरा’ म्हणावं. वर्तुळ पूर्ण करून मूळ जागी येणं हा अर्थ ‘फेरा’त आहे.

गिअरबॉक्स

‘फेरा’ अर्थाने बरोबर आहे, पण अनेकवचनात घात होतो. ‘१६१ फेरे’ आणि ‘अकरा फेऱ्या’ एकाच परिच्छेदात आले की वाचक अडखळतो, आणि ‘फेऱ्यांत’, ‘फेऱ्यांनंतर’ ही रूपं तर दोन्हींची सारखीच. ‘लॅप’ क्रीडापानांतून सगळ्यांना कळतो, तो ठेवा. राउंडला ‘फेरी’ म्हणा. मग वाक्य असं होतं: ‘आठवी फेरी बाथर्स्टला, १६१ लॅपची.’ जाता जाता, त्याच वर्षी तिथल्या कॉनरॉड सरळ रस्त्यात ‘चेस’ हे वळण घातलं गेलं, लॅप ६.२१३ किलोमीटरचा झाला, आणि हजार किलोमीटर भरायला १६३ ऐवजी १६१ लॅप पुरले. जुन्या वर्षांशी तुलना करताना हे लक्षात ठेवा.

वेलांटी

रूपं सारखी होतात हा मुद्दा मान्य. ‘फेरा’ मागे घेते.

पौड फाटा

‘निवृत्त’ तर या लेखात कुठेच नको. इंजिन गेलं म्हणून चालक निवृत्त होत नाही, निवृत्त होतो तो नोकरीतून. बाथर्स्टला ब्रॉकची ०५ क्रमांकाची गाडी लवकर बंद पडली, तिथे ‘गाडीने शर्यत सोडली’ म्हणा. ब्रॉक आणि पार्सन्स मग संघाच्या १० क्रमांकाच्या गाडीत गेले आणि तीच शेवटी विजेती ठरली. म्हणजे त्या दिवशी गाडी संपली, चालक संपला नाही, आणि शब्दाने हे दाखवायला हवं. ‘बाद’ क्रिकेटमध्ये राहू द्या. तपासणीत नापास होऊन निकालातून काढलं गेलं की ‘अपात्र’. तोवर जाहीर झालेला असतो तो ‘तात्पुरता निकाल’. दुसऱ्या संघाने घेतली तर ‘हरकत’, निर्णयाविरुद्ध गेले तर ‘अपील’. हे दोन शब्द तहसील कचेरीपासून सगळीकडे याच अर्थाने चालतात, नवे घडवायची गरज नाही.

गिअरबॉक्स

आणखी एक जोडी सांभाळा: ‘प्रवेश’ आणि ‘नावनोंदणी’. एका शर्यतीत उतरणं म्हणजे प्रवेश. अजिंक्यपदाच्या गुणांसाठी मात्र संघाला मालिकेत नावनोंदणी करावी लागे, आणि तिची फी ६०,००० अमेरिकी डॉलर होती. न भरणारी गाडी शर्यत जिंकू शके, पण तिच्या नावावर गुण जमा होत नसत. नुसतं ‘नोंदणी’ लिहू नका, आरटीओची नोंदणी वाटेल. ही फी फार जड होती, आणि स्थानिक संघांना दूर ठेवण्यात तिचा मोठा हात होता असं माझं ठाम मत आहे.

गुणांत एकूण क्रमाबरोबर विभागातला क्रमही धरला जाई. म्हणून मधल्या विभागातल्या एम-३वरचा श्निट्झर संघाचा चालक अजिंक्य ठरू शकला, तोही लुडविग आणि नीडत्स्वीड्स यांच्यापेक्षा एकाच गुणाने पुढे राहून. त्याचं नाव ‘रॉबर्टो रावाल्या’ असं लिहा. इटालियनमधला तो ‘ग’ उच्चारात येत नाही, ‘रावाग्लिया’ नको. संघांचं विजेतेपद मात्र एगेनबर्गरकडे गेलं. ते संघांचं होतं, उत्पादकांचं नव्हतं, तेव्हा ‘फोर्डने अजिंक्यपद जिंकलं’ हे वाक्य टाळा.

वेलांटी

‘अजिंक्यपद’ आणि ‘विश्वचषक’ यांतही गल्लत नको. १९८७ची मालिका एकाच हंगामानंतर बंद पडली. १९९४ला डॉनिंग्टनला आणि १९९५ला पॉल रिकारला झाला तो खराखुरा विश्वचषक: एका ठिकाणी, एकाच सप्ताहान्तात. वर्षभर गुण जमवायचं जागतिक अजिंक्यपद परत आलं ते २००५ला.

काना-मात्रा

२००५नंतरच्या मालिकेचा उल्लेख शेवटी येतो, तिथे जिंकणाऱ्या गाडीत वजन घालण्याचा नियम होता. ‘बॅलास्ट’?

पौड फाटा

रेल्वेचा बॅलास्ट म्हणजे रुळाखालची खडी, जहाजाचा म्हणजे नीरम. नीरम शब्द सुरेख आहे, पण गलबत स्थिर ठेवायला तो घालतात. इथे वजन घालत ते वेगवान गाडीला मागे ओढायला. ‘यशाचं वजन’ किंवा सरळ ‘वाढीव वजन’ म्हणा.

काना-मात्रा

सगळं धरून बाथर्स्टचा परिच्छेद असा झाला:

‘आठवी फेरी बाथर्स्टला झाली. १६१ लॅपनंतर एगेनबर्गर संघाच्या दोन सिएरा आरएस-५०० पहिल्या आणि दुसऱ्या आल्या, पण हा निकाल तात्पुरता होता. तपासणीत पुढच्या मडगार्डच्या कमानी मान्यतापत्रकाशी जुळल्या नाहीत आणि दोन्ही गाड्या अपात्र ठरल्या. तिसऱ्या क्रमांकाची होल्डन कमोडोर विजेती जाहीर झाली.’

गिअरबॉक्स

एकच दुरुस्ती. ‘तिसऱ्या क्रमांकाची’ म्हटलं की बोनेटवर ३ हा आकडा आहे असं वाटतं, आणि तिच्यावर तर १० होता. ‘रेषेवर तिसरी आलेली’ असं करा.