रक्त चढवायच्या आधी बधिर करायचं क्रीम किती वेळ लावून ठेवायचं?

बावड्याची आई: पोरगी सात वर्षांची, थॅलेसेमिया मेजर (जन्मापासूनचा आजार, अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही). दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला न्यावी लागते. शिरा लवकर सापडत नाहीत, दोन-तीनदा टोचतात. यावेळी लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम नेलं. "वीस मिनिटं बास" म्हणाले. पोरगी तेवढीच कळवळली. क्रीमच कुचकामी, की वेळ कमी पडला?

सिस्टर, लहान मुलांचा वॉर्ड: ताई, वेळच कमी पडला. वीस मिनिटांत औषध नुसतं वरवर राहतं. १ तासात साधारण ३ मिलिमीटर खोल बधिर होतं, २ तासांत ५ मिलिमीटरपर्यंत. तुमच्या पोरीला जाड सुई बसणार, तर दीड तास धरा. घरातनंच लावून निघा, दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा वेळ निघून जातो.

आणि चोळायचं नाही! बहुतेक आया मलम चोळतात तसं चोळून जिरवतात. जाडसर गोळा तसाच ठेवायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी, कडा नीट दाबून. आधी दोन्ही हातांच्या शिरा बघून दोन जागी लावा, म्हणजे एक चुकली तरी दुसरी तयार. काढल्यावर कातडी पांढरीफटक दिसेल, शीरही आकसते. घाबरू नका. पुसून दहा मिनिटं थांबा, हात कोमट ठेवा, शीर वर येते. बधिरपणा त्यानंतरही तासभर टिकतो.

मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच. प्रिलोकेन जास्त झालं तर हिमोग्लोबिनचा काही भाग ऑक्सिजन वाहायचा थांबतो, आणि तिचं हिमोग्लोबिन आधीच कमी. सल्फाची गोळी चालू असेल किंवा जी-सिक्स-पी-डी (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर तेही सांगा.

कागलकर: आमच्या पोराला एक्झिमा आहे. तसल्या कातडीत औषध पटकन उतरतं, म्हणून डॉक्टरांनी अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका म्हणून बजावलंय.

बावड्याची आई: एक्झिमा नाही. डॉक्टरांना विचारते. सिस्टर, पोरीला "अजिबात कळणार नाही" म्हणून सांगू का?

सिस्टर: तसं नका सांगू. हात धरलेला, दाबलेला कळतोच. "दाबल्यासारखं वाटेल, टोचल्यासारखं फारसं नाही" एवढंच सांगा. नाहीतर पुढच्या खेपेला ती क्रीमच लावू देणार नाही.